नाव त्याच्याकडे, चित्र माझ्याकडे

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. बंगळूरच्या राजाजीनगरात क्रेन बनवणारा एक कारखाना होता. त्याच्या संगणकाच्या खोलीत मी काही वर्षे रात्रंदिवस फिरत राहिले. आता फिरत नाही. एका लोखंडी कपाटात, तुटक्या कीबोर्डांच्या ढिगाखाली पडून आहे. माझ्या तबकड्यांवर जे उतरले ते मात्र अजून तसेच आहे, आणि त्यातली एक गोष्ट मला स्वस्थ पडू देत नाही. ती तुम्हाला सांगते.

माझा जन्म सिंगापूरचा. जिथे धुळीचा एक कणही चालत नाही अशा खोलीत, पांढरे झगे घातलेल्या माणसांनी माझ्या चकचकीत तबकड्या एकावर एक बसवल्या. १९९६ साली मी फोमच्या पेटीत बसून विमानाने बंगळूरला आले. माझ्यात चार गिगाबाइट मावत. आज हा आकडा ऐकून तुम्ही हसाल, पण तेव्हा संगणक विभागाचे मॅनेजर हयवदन यांनी माझ्या खोक्यावर हात ठेवून म्हटले होते, “जपून हं! हिच्या किमतीत माझी स्कूटर येईल.” ते धारवाडकडचे, त्यामुळे मराठी चांगले बोलत.

मला ज्या मुलीने यंत्रात बसवले तिचे नाव संयोगिता. ती नागपूरहून नोकरीसाठी आली होती आणि बसवनगुडीत एका खोलीत भाड्याने राहत होती. तिच्या हाताला घाई नव्हती. प्रत्येक स्क्रू ती आधी बोटांनी फिरवून बघे, मगच पिळे.

मला का आणले, तेही सांगायला हवे. त्या कारखान्यात क्रेनच्या प्रत्येक भागाचे एक ड्रॉइंग असे. अशी हजारो ड्रॉइंगे कपाटांत कोंबलेली होती. ती स्कॅन करून संगणकात ठेवायची असे ठरले. सुरुवातीला ती सगळी चित्रे डेटाबेसमध्येच भरली. डेटाबेस म्हणजे नोंदी ठेवणारी व्यवस्था: ड्रॉइंगचा क्रमांक काय, नाव काय, कधी आले, कोणी केले. बिचारा डेटाबेस त्या मोठमोठ्या चित्रांनी गुदमरला. एक नाव शोधायचे तर चहा पिऊन यावे इतका वेळ लागू लागला.

“सर, पुस्तकांची कार्डं ठेवायच्या खणात आपण गाद्या कोंबतोय,” संयोगिता म्हणाली. “नोंदी डेटाबेसमध्येच राहू द्या. चित्रं बाहेर काढू. वेगळी डिस्क घेऊ आणि प्रत्येक फाइलला फक्त क्रमांक देऊ. डेटाबेस क्रमांक सांगेल, डिस्क चित्र देईल.”

तसेच झाले. नाव त्याच्याकडे राहिले, चित्र माझ्याकडे आले. माझ्याकडच्या एकाही फाइलला नाव नव्हते, नुसता आकडा. ७२१३ म्हणजे काय आणि ७२१४ म्हणजे काय, हे डेटाबेसला विचारल्याशिवाय कोणालाही कळणे शक्य नव्हते.

पहिले वर्ष फार कौतुकात गेले. ड्रॉइंग विभागाचे प्रमुख विठोजी हे खास मला बघायला आले. त्यांचे घराणे कित्येक पिढ्या बंगळुरातच होते. घरात मराठी बोलत, पण त्या मराठीत कन्नड साखरेसारखी विरघळलेली. संयोगिता त्यांना अण्णा म्हणे आणि ते तिला अक्का. तिने क्रमांक टाकला आणि क्षणात पडद्यावर गिअरबॉक्स उमटला.

“सरी!” विठोजी खूश होऊन कन्नडमध्ये म्हणाले, म्हणजे ‘बरोबर!’ “अक्का, याच्यासाठी मी शिडीवर चढून तीन कपाटं उपसत होतो की हो!”

हयवदनांनी त्यात एक सुधारणा सुचवली. जुन्या ड्रॉइंगांच्या कोपऱ्यातली नावाची चौकट हाताने लिहिलेली, कधी फिकट, कधी शाईचे डाग पडलेली. तेव्हा छापताना त्या चौकटीवर डेटाबेसमधले नाव स्वच्छ टाइपात येईल अशी एक पट्टी बसवावी. कागद फार सुरेख दिसू लागले. संयोगितानेही एक नियम घातला: एखाद्या क्रमांकाची फाइल माझ्याकडे आली की ती कधीही पुसली जाऊ नये. दुसऱ्या कोणी त्याच क्रमांकाची फाइल पाठवली तर मी ती निमूटपणे नाकारायची आणि जुनीच सांभाळायची. ड्रॉइंग चुकून मिटले तर काय, या काळजीपोटी तिने तो नियम केला होता.

मित्रांनो, सुरेख पट्टी आणि काळजीचा नियम. या दोन चांगल्या गोष्टींनीच पुढे घात केला.

तिसरी गोष्ट मात्र निव्वळ कंटाळ्याची होती. डेटाबेसची नक्कल रोज टेपवर उतरत असे, कारण त्याला थोडाच वेळ लागे. माझी नक्कल उतरवायला मात्र तासन्‌तास लागत. म्हणून ती फक्त रविवारी.

“सर, दोघांची नक्कल एकाच वेळची हवी,” संयोगिता एकदा म्हणाली. “उद्या काही झालं तर एकाला आठवेल आणि दुसऱ्याला आठवणार नाही.”

“होईल हो ते,” हयवदन म्हणाले. “आधी नव्या क्रेनचं काम संपू द्या.”

नव्या जातीच्या क्रेनचे काम तेव्हा जोरात होते. तीन टन, पाच टन, दहा टन वजन उचलणाऱ्या क्रेन. त्यांच्या हुकांची ड्रॉइंगे एका सोमवारपासून माझ्याकडे येऊ लागली. हुक ज्या दोन पोलादी प्लेटांमध्ये लटकतो, त्या प्लेटा सगळ्या क्रेनना एकाच आकाराच्या. तेच गोल खांदे, तीच भोके. फरक फक्त जाडीचा. चित्रे अगदी जुळ्या बहिणींसारखी. मंगळवारी पाच टनांच्या प्लेटेचे चित्र आले. त्याला क्रमांक मिळाला ७२१४.

गुरुवारी सकाळी वीज गेली, आली, पुन्हा गेली आणि दणका देऊन परत आली. मी धडधडत कशीबशी उभी राहिले. शेजारचे डेटाबेसचे यंत्र मात्र करकर असा आवाज करून गप्प झाले. त्याची डिस्क मेली होती.

संयोगिताने टेपा काढल्या. बुधवारची वाचली जाईना. मंगळवारची आणि सोमवारचीही नाही. यंत्राचे टेपवर लिहिणारे डोके मळले होते आणि ते कोणाच्या लक्षातच आले नव्हते. शेवटी रविवारची टेप चालली. दुपारी डेटाबेस जागा झाला, पण त्याच्यासाठी तो रविवारच होता. मधले तीन दिवस त्याच्या डोक्यातून साफ गेले होते.

माझ्या डोक्यातून गेले नव्हते.

“सर, थांबावं लागेल,” संयोगिता म्हणाली. “डिस्कवर तीन दिवसांच्या जादा फाइली आहेत. दोन्ही बाजू जुळवून बघते, मग सुरू करू.”

“किती वेळ?”

“उद्यापर्यंत.”

“खाली सगळं वर्कशॉप हात बांधून बसलंय, संयोगिता. तीन दिवसांचे कागद विठोजींकडे आहेतच. ते पुन्हा स्कॅन करू दे. जुळवाजुळव नंतर करा.”

तिने यंत्र सुरू केले. नंतर म्हणजे कधी, हे कोणीच विचारले नाही. पुढे महिनाभर नवी कामे येत राहिली आणि ते ‘नंतर’ मागे पडत गेले.

शुक्रवारी कागदांचा गठ्ठा पुन्हा आला, पण त्यातला क्रम बदललेला होता. डेटाबेसने सोमवारपासूनचे क्रमांक पुन्हा पहिल्यापासून वाटायला घेतले. ७२१४ हा क्रमांक या वेळी मिळाला दहा टनांच्या प्लेटेला. चित्र माझ्या दारात आले. माझ्याकडे ७२१४ आधीच होते. नियमाप्रमाणे मी नवे चित्र नाकारले आणि जुने ठेवले. पडद्यावर कुठलीही सूचना आली नाही. डेटाबेसने लिहून घेतले: ७२१४, दहा टन. माझ्याकडे होते: ७२१४, पाच टन.

आणि छापताना कोपऱ्यातल्या ‘पाच टन’ या हाताने लिहिलेल्या शब्दांवर ती सुरेख पट्टी बसत होती: ‘दहा टन’.

तसे इशारे मिळाले होते. एकदा वर्कशॉपमधून कोणीतरी तक्रार घेऊन आले, की प्लेटेचे ड्रॉइंग मागितले तर चाकाचे निघाले. स्कॅन करणाऱ्याने गठ्ठ्यात गडबड केली असेल, असे म्हणून ते एक चित्र नव्या क्रमांकाने पुन्हा चढवले आणि विषय मिटवला. मग एक दिवस स्वतः विठोजीच आले.

“अक्का, मल्लाप्पा म्हणतो ही दहा टनाची प्लेट स्वल्प पातळ वाटते. ड्रॉइंग पुन्हा काढून देता?”

मल्लाप्पा हा क्रेन जोडणारा फिटर. जिथे क्रेन विकली जाई तिथे जाऊन ती उभी करून देण्याचे काम त्याचेच.

संयोगिताने ७२१४ मागितले. मला हाक आली. माझ्याकडे जे होते तेच मी दिले. दुसरे मी काय देणार? कागद छापून निघाला, त्यावर ठळक ‘दहा टन’. विठोजींनी तो हातात धरून बराच वेळ बघितला.

“मूळ कागद, ती हाताने काढलेली ट्रेसिंग, बघायला मिळाली असती तर...”

“त्या सर्जापूर रोडच्या गोदामात गेल्या,” हयवदन म्हणाले. “आणायला दोन दिवस. नवी जात आहे विठोजी, डिझाइनवाल्यांनी वजन कमी केलं असेल. एवढा कॉम्प्युटर घेतला तो पुन्हा गोदामात जायला का?”

विठोजींनी कागदाची घडी केली. “सरी. कागद म्हणतोय तर तसंच.”

त्या आठवड्यात क्रेन ट्रकवर चढून इलकलजवळच्या एका ग्रॅनाइटच्या खाणीकडे गेली. मल्लाप्पाही सोबत गेला. कारखान्यात हलक्या वजनाची चाचणी झाली होती; पूर्ण वजनाची खाणीवर व्हायची होती.

त्यानंतर मी भरत आले. माझ्यात जागा उरली नव्हती. हयवदनांनी संयोगिताला सांगितले, “डिस्कवर फालतू काय पडलंय ते शोधा.” म्हणून एका सकाळी तिने माझ्यातल्या फाइली तारखांनिशी बघायला घेतल्या. शेजारी डेटाबेसच्या नोंदी उघडल्या होत्या. मी तिची बोटे चालताना ऐकत होते. एकाएकी ती थांबली.

“हे काहून असं?” ती पुटपुटली. दचकली की तिच्या तोंडी नागपूरचे शब्द येत.

नोंद शुक्रवारची होती. फाइल मात्र त्याआधीच्या मंगळवारची. चित्र नोंदीच्या आधीच जन्मले होते.

तिने डेटाबेसला बाजूला ठेवून ७२१४ थेट माझ्याकडून उघडले. नावाची पट्टी नाही, काही नाही. नुसता मूळ कागद जसाच्या तसा. कोपऱ्यातली हाताने लिहिलेली चौकट तिने मोठी करून पाहिली.

पाच टन.

खुर्ची मागे ढकलल्याचा आवाज झाला. तिने इंटरकॉमवरून विठोजींना बोलावले. ते आले तेव्हा तिने पडद्याकडे फक्त बोट दाखवले.

विठोजी वाकून वाचू लागले. मग सावकाश सरळ झाले. “मल्लाप्पा,” ते म्हणाले. “आज पूर्ण वजनाची चाचणी आहे त्याची. काल फोन केला होता त्यानं.”

खाणीच्या कार्यालयाचा फोन नंबर त्यांच्याकडे होता. खोलीतल्या एसटीडीच्या फोनवरून त्यांनी तो फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. पुन्हा एंगेज. हयवदन धावत आत आले. संयोगिताने त्यांना चार वाक्यांत सांगितले. ते भिंतीला टेकून उभे राहिले. कोणी कोणाला दोष दिला नाही. तेवढी सवडच नव्हती. विठोजी नंबर फिरवत राहिले. मी माझ्या जागी फिरत राहिले. त्या खोलीत तेवढे दोनच आवाज होते.

अखेर पलीकडे घंटा वाजली. कोणीतरी फोन उचलला. विठोजी कन्नडमध्ये ओरडले, “निल्लिसी! क्रेन निल्लिसी!” क्रेन थांबवा. पलीकडच्या माणसाने काहीतरी विचारले. विठोजी म्हणाले ते एवढेच, की मल्लाप्पाला गाठ, चाचणीचा धोंडा खाली घ्यायला सांग, धाव.

पलीकडे रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. फोन चालूच होता. विठोजींनी रिसीव्हर कानापासून थोडा दूर धरला, म्हणून तिघांनाही ऐकू येत होते. लांबून कंप्रेसरची घरघर. छिन्न्यांचा ठणठणाट. माणसांचे अस्पष्ट ओरडणे. मग छिन्न्या थांबल्या. मग कंप्रेसरही थांबला. त्यानंतर काहीच नाही.

संयोगिताने टेबलाची कड घट्ट धरली होती. हयवदन ओठांतल्या ओठांत कुठल्याशा देवाचे नाव घेत होते. पलीकडे वारा वाहत होता. तो वारासुद्धा ऐकू येत होता, मित्रांनो, पण माणसाचा आवाज नव्हता.

पुष्कळ वेळाने पावले वाजली आणि कोणीतरी धापा टाकत बोलू लागले. विठोजींनी डोळे मिटले.

“मल्लाप्पा आहे,” ते म्हणाले. “बोलतोय. बरा आहे.”

धोंडा जमिनीवरून हातभर वर उचललेला होता. त्याच्याखाली लाकडी ओंडके सरकवायला दोन माणसे वाकली होती. मल्लाप्पाने त्यांना हाकलले आणि वजन अलगद खाली घेतले. मग शिडीवर चढून हुकापाशी पाहिले. एका प्लेटेला भोकापासून कडेपर्यंत केसासारखी बारीक चीर गेली होती.

विठोजींनी रिसीव्हर खाली ठेवला आणि ते जमिनीवरच बसले. संयोगिता त्यांच्या शेजारी बसली.

“नियम मी लिहिला होता अण्णा,” ती म्हणाली. “पुसू नको म्हणून लिहिला. नाकारशील तेव्हा निदान ओरड, हे लिहायचं राहून गेलं.”

“आणि नंतर करा म्हणून मी म्हणालो होतो,” हयवदन म्हणाले. एवढ्या हळू, की मलाच जेमतेम ऐकू आले.

त्या दिवसापासून ड्रॉइंगे देणे बंद ठेवले. त्या तीन दिवसांतली एकूण एक चित्रे संयोगिताने पट्टीशिवाय उघडली आणि गोदामातून आणवलेल्या मूळ ट्रेसिंगांशी ताडून पाहिली. पुढे तिने व्यवस्थाच बदलली. डेटाबेसची आणि चित्रांची नक्कल एकाच वेळी, दोघांनाही थांबवून. एकाच क्रमांकावर दुसरे चित्र आले तर काम तिथेच थांबणार आणि पडद्यावर लाल अक्षरे येणार. आणि ती सुरेख पट्टी कागदाच्या वरच्या कडेला गेली. मूळ चौकट पुन्हा कधी झाकली नाही.

हे सगळे एका नव्या, मोठ्या डिस्कवर झाले. माझ्यातली चित्रे दुरुस्त करून तिच्यावर चढवली. मला काढले तेव्हाही स्क्रू संयोगिताच्याच हाताने निघाले. पुढे ती दुसऱ्या नोकरीवर गेली. हयवदन गेले. नवी माणसे आली, त्यांनी मला कपाटात टाकले आणि कपाटाची किल्ली कुठे आहे ते आता कोणाला ठाऊक नाही.

पण मित्रांनो, ती गोष्ट तिथे संपली नाही.

त्या चुकीच्या ड्रॉइंगवरून वर्कशॉपने प्लेटांच्या तीन जोड्या कापल्या होत्या आणि त्यांवर ‘दहा टन’ असे कोरले होते. एक जोडी इलकलहून परत आली. दुसरी कारखान्यातच सापडली, ती सर्वांसमोर कापून टाकली. तिसरी जोडी सुटा भाग म्हणून एका व्यापाऱ्याला विकली गेली होती. त्याने ती पुढे कोणाला विकली, ते त्याला आठवेना. विठोजी त्याच्याकडे कितीदा तरी गेले. वर्तमानपत्रात जाहिरातही दिली. कोणी आले नाही. नोकरी सोडल्यावरही संयोगिता अधूनमधून फोन करी. ‘सापडली का हो अण्णा?’ असे तिने विचारले असणार, कारण विठोजींचे उत्तर माझ्या कपाटापर्यंत ऐकू येई. “नाही अक्का. अजून नाही.”

मोठ्या वस्तू वेगळ्या जागी ठेवाव्या लागतात. त्यात काही चूक नाही. नाहीतर मी जन्मलेच नसते. पण नाव एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे ठेवलीत, तर दोघांची काळजी एकाच वेळी घ्या. एकाला तपासाल तेव्हा दुसऱ्यालाही तपासा. आणि जुळवून बघायचे काम कधीही नंतरवर टाकू नका. आमच्यासारख्यांना बोलता येत नाही. तुम्ही मागाल ते आम्ही देतो, मग ते चूक का असेना.

ती तिसरी जोडी कुठल्या तरी क्रेनवर असेल. तिच्यावर ठळक अक्षरांत ‘दहा टन’ कोरलेले असेल. त्या हुकाखाली कोणी उभे राहू नये, एवढेच मला सांगायचे होते. तो हुक कोणता, ते मला माहीत नाही.